शेजारची खाला चालते, मग सून का नाही?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लग्नाला दोन वर्षं झाली, सासर माहीमच्या जुन्या चाळीत. तुम्ही देव मानत नाही, हे लग्नाआधीच नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाई दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला जाऊन मेणबत्ती लावतात, मजल्यावरच्या खालांकडून ईदला आलेला शीरखुर्मा वाटी पुसून खातात. पण गेल्या गणपतीत तुम्ही आरती घेतली नाहीत, तेव्हापासून त्यांचा तुमच्याशी अबोला आहे. ‘यांना परधर्माची माणसं चालतात, मग मीच का चालत नाही?’ असा तुमचा सवाल. आणि शेवटच्या ओळीत हळूच, ‘नवरा म्हणतो पाच दिवस नाटक कर. करू का?’

मी बावीस वर्षं दादरला कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. माणसं येतात ती पैशाचं, जागेचं भांडण घेऊन, आणि दोन बैठकींनंतर मधूनच देव बाहेर येतो. माझं म्हणाल तर मी संध्याकाळी दिवा लावते, उपास एकही करत नाही, आणि नवरा पक्का निरीश्वरवादी आहे. म्हणजे तुमच्या घरात दोन्ही बाजूंना मी अर्धवटच वाटेन. खाली दिलेल्या उदाहरणांतले तपशील मुद्दाम बदलले आहेत.

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे, पण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नात दडलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खालांना तुमच्या सासूबाईंच्या जगात ठरलेली जागा आहे. त्यांचा अल्ला, आपला बाप्पा. देव दुसरा असला तरी ‘वरून कोणीतरी बघतोय’ यावर दोघींचं एकमत आहे. सासूबाईंच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांच्या लेखी माणसाच्या चांगुलपणाला हेच तारण असतं. एक आजी मला सरळच म्हणाल्या होत्या, ‘मॅडम, जी देवाला घाबरत नाही ती मला काय घाबरणार?’ यात तुमचा अपमान आहे हे मला कळतं. पण त्या बाईंना अपमान करायचा नव्हता. बँकेचा माणूस जामीनदार मागतो तितक्या सहजपणे त्या बोलत होत्या.

शिवाय मुंबईत देवांची उसनवारी जुनी. सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला जाऊन बघा. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर घेऊन मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, पायऱ्या चढणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका कमी नसतात. माहीमच्या दर्ग्यात मखदूमबाबांच्या उरुसात पहिली चादर चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा. यातलं कोणी धर्म बदलत नाही. नवस फेडतात, घरी येतात आणि कुलदैवतापुढे नारळ फोडतात. या हिशेबात देव वाढले तर कोणाची ना नाही. शून्याला मात्र खातंच नाही.

पण एवढ्यावरून ‘श्रद्धाळूंना परधर्मी जवळचे आणि नास्तिक लांबचे’ असा निष्कर्ष काढलात तर फसाल. लग्नाची गोष्ट निघाली की हेच माप उलटं पडतं.

गिरगावातले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बांद्र्याची जत्रा त्यांनी तीस वर्षांत चुकवली नव्हती. थोरला मुलगा देव अजिबात न मानणारा, मुंजसुद्धा करून घेतली नव्हती. त्याच्याबद्दल बोलताना आवाजात चक्क कौतुक, ‘आमचा मोठा जरा कम्युनिस्ट आहे.’ त्याचं लग्न जातीतल्या मुलीशी थाटात झालेलं. आता मुलीला वसईच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा दर रविवारी मिस्साला जाणारा, निर्व्यसनी, श्रद्धाळू. म्हटलं, तुमच्या नास्तिक मुलापेक्षा हा जावई तुमच्या जास्त जवळचा नाही का? तुम्ही दोघंही मोतमावलीला हात जोडता. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘मोतमावली वेगळी, जावई वेगळा.’

मला वाटतं, या विषयावरचं इतकं प्रामाणिक वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

आकडे बघायचे असतील तर तेही हेच सांगतात. प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये भारतभर जवळपास ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, अहवाल २०२१ ला आला. सगळ्या धर्मांचा आदर करणं खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं, असं ८४ टक्के लोक म्हणाले. आणि आपल्या धर्मातल्या बायकांनी धर्माबाहेर लग्न करणं थांबवणं फार महत्त्वाचं, असं हिंदूंपैकी ६७ टक्के आणि मुसलमानांपैकी ८० टक्के म्हणाले. तुमच्या कामाचा आकडा पुढचा आहे. गोमांस खाणारा हिंदू असूच शकत नाही, असं ७२ टक्के हिंदूंचं मत. देव न मानणारा हिंदू असू शकत नाही, असं म्हणणारे मात्र ४९ टक्के. म्हणजे ताटात काय आहे याला मनात काय आहे यापेक्षा जास्त वजन.

दादरमध्ये सावरकरांची तसबीर देवघराशेजारीच लावलेली घरं मी पाहिली आहेत. आपल्यामागे क्रियाकर्म नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, १९६६ साली त्यांचं दहन विद्युतदाहिनीत झालं. त्या घरांत कोणालाही हे खटकत नाही, कारण ते ‘आपले’. उलट पुण्यात आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली, आणि ती काढणारे कोणी परधर्मी नव्हते, गावातलेच सनातनी होते. आगरकरांनी घरच्या चालीरीतींना हात घातला होता. देव न मानणारा माणूस आपल्याकडे खपून जातो. तो घरातलं काही हलवायला लागला की मात्र गाठ पडते.

आता हे माप स्वतःला लावून बघा. खाला भिंतीपलीकडे राहतात, त्यामुळे त्यांचं काहीही चालतं. तुमचा नवरा, तुम्हीच लिहिलंय, ‘फारसं मानत नाही पण झांजा वाजवतो’. त्याला कोणी काही बोलत नाही, कारण त्याच्या न मानण्याने घरातली एकही वस्तू जागची हलत नाही. मखर तो बांधतो, उरलेलं सगळं बायका करतात. तुम्ही मात्र बाहेरून आलेल्या आणि पुढे हे सगळं ज्यांच्या हाती जायचं त्या. सासूबाई मानणारी माणसं शोधत नाहीयेत, पुढे हे चालवणारं माणूस शोधतायत. म्हणून त्याच अविश्वासाला मुलाच्या बाबतीत ‘स्वभाव’ म्हणतात आणि सुनेच्या बाबतीत ‘नास्तिकपणा’. हा अन्याय आहे, आणि तो मिटवायचं काम पहिल्यांदा नवऱ्याचं आहे. त्यावर पुढे येते.

‘नास्तिक’ या शब्दाबद्दल एक. मनुस्मृतीच्या व्याख्येत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. ईश्वर न मानणाऱ्याला तो शब्द नव्हता. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी आस्तिकांतच मोजली जातात. आजच्या घरांत मात्र हा शब्द शिवीसारखा पडतो. ‘मी नास्तिक आहे’ ऐकलं की समोरच्याला ‘तुम्ही सगळे मूर्ख आहात’ असं ऐकू येतं. ‘मला पूजा जमत नाही, पण घरातलं काम करीन’ हेच सांगायचं असेल तर याच शब्दांत सांगा. आणि कृपा करून सांख्यदर्शन सासूबाईंना समजावायला जाऊ नका. एका प्राध्यापक सूनबाईंनी ते केलं होतं, त्यानंतर मला चार बैठका जास्त घ्याव्या लागल्या.

अबोल्याचं कारण मात्र मला आरती न म्हणण्यात दिसत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘तबक समोर आलं तेव्हा मी हात मागे घेतले.’ हे वाचून मला काही वर्षांपूर्वीची लालबागची एक सासू आठवली. बरोबर हीच तक्रार. त्या म्हणाल्या, ‘नमस्कार नको करू, मी काय तुझ्या मनात बघायला येते? पण मी तबक पुढं केलं आणि हिनं हात असे घेतले.’ आणि माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी करून दाखवलं. दोन्ही हात झटकन मागे, मग मांडीवर, पदराखाली. ‘विटाळ झाल्यासारखे. तबक माझ्या हातात होतं ना.’ सून शेजारीच बसली होती. तिला पहिल्यांदाच कळलं की तिने देवाला दिलेला नकार सासूला पोचला होता.

तुमच्याच पत्रात आणखी एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे इफ्तारला गेलात तेव्हा अजान झाल्यावर तुम्ही डोक्यावर ओढणी घेतलीत. कोणी सांगितलं नव्हतं. मग तिथे जमलं ते घरी का जमत नाही?

याला मी ढोंग म्हणत नाही. तिथे ओढणी म्हणजे मान होता हे तुम्हालाही माहीत होतं आणि मैत्रिणीलाही. ‘ही आता मुसलमान झाली’ असं कोणाच्या मनात येणार नव्हतं. घरी हात जोडलेत तर दुसऱ्या दिवशी ‘बघा, आली की नाही लाइनीवर’ असं ऐकू येण्याची भीती आहे. परक्याच्या दारात मान हा मानच राहतो, स्वतःच्या घरात त्याची कबुली होते. तुमच्या सासूबाईंचंही हेच आहे बघा. चर्चमध्ये मेणबत्ती लावताना त्यांना हिंदुत्व सुटेल अशी भीती वाटत नाही, आणि तोच ख्रिस्ती मुलगा जावई म्हणून आला तर वाटेल. दोघींचं गणित एकच आहे, फक्त तुम्ही दोघी दोन टोकांना बसून ते मांडताय.

आता नाटकाचं. इथे बरंच काही घरावर अवलंबून आहे, म्हणून आधी ते.

जागा किती, हे मुंबईत सगळ्यात आधी विचारावं लागतं. मुलुंड-ठाण्याच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटात आरतीच्या वेळी सून आत फोनवर बोलत बसली तर खपतं. दहा बाय बाराच्या खोलीत आणि समोर गॅलरीत उभी असलेली अख्खी चाळ, तिथे तुमचं न उठणं म्हणजे जाहीर सभा होते. सासूबाईंना तुमच्यापेक्षा त्या गॅलरीला उत्तर द्यायचं असतं.

दुसरं, घरातला देव कसा आहे. गणपती, गौरी, कुलाचार इथवर असेल तर मी म्हणते तडजोड शोधा. पण ‘मूल का होत नाही’ म्हणून कोणा बुवाकडे नेणं, अंगारे पाजणं, मारहाण असं काही असेल तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तिथे समुपदेशनाआधी पोलीस.

तिसरं, धर्मागणिक फरक पडतो. मुसलमान घरात ईमान हाच पाया, त्यामुळे ‘मानत नाही’ म्हणणं म्हणजे घरच सोडणं असा अर्थ निघतो. माझ्याकडे आलेला कुर्ल्याचा एक मुलगा रमजानचे रोजे पूर्ण धरायचा आणि मनातलं फक्त मला सांगायचा. त्याला मी ‘घरी बोल’ असं एकदाही सांगितलं नाही. तुमच्या घरात त्या मानाने ऐसपैस जागा आहे, ती वापरा.

कायद्याने तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात. घटनेचं २५ वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि सरकार कोणालाही धर्म जाहीर करायला लावू शकत नाही, माणूस ‘धर्म नाही’ असंही सांगू शकतो, असा निकाल २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेच दिला आहे. मूल झालं की शाळेच्या फॉर्मच्या वेळी हा निकाल कामी येईल. मोदक वळताना तो काढू नका.

तर नाटक करू का? माझ्या अनुभवात सरसकट नाटक दोनतीन वर्षांच्या वर टिकत नाही, आणि फुटतं तेव्हा फार वाईट फुटतं. एक सून दरवर्षी गणपतीत पाळीचं निमित्त सांगून बाजूला बसायची. तिला वाटायचं, किती सोपं. चौथ्या वर्षी सासूने माझ्यासमोर शांतपणे विचारलं, ‘गणपती तिथीनं येतात, कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. हिची पाळीपण तिथीनं येते का?’ मला हसू आवरेना, पण त्या हसत नव्हत्या. देव न मानणं त्यांनी केव्हाच गिळलं होतं. चार वर्षं आपल्याला वेडं समजलं, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

म्हणून मी जोडप्यांना घरातली कामं सुटी करून बघायला सांगते. मोदकांचं सारण, गौरींच्या साड्या, पाहुण्यांचा चहा हे घराचं आहे. त्यात देव मानावा लागत नाही, तिथे अंग चोरू नका. आरतीला सगळ्यांबरोबर उभं राहणं हा मान आहे, इफ्तारच्या ओढणीसारखा. तो द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, माझा कल द्यावा असा आहे. पण सत्यनारायणाला मेहूण म्हणून बसणं, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडणं, नवऱ्यासाठी वटसावित्रीचा उपास करणं, इथे तुमच्या तोंडून काहीतरी वदवून घेतलं जातं. तिथे मनात नसताना बसू नका. पूजेला धाकटा दीर-जाऊ बसले तरी पूजा होते, भटजींना विचारा, तेच सांगतील.

आणि हे सासूबाईंना तुम्ही सांगायचं नाही. नवऱ्याने सांगायचं, गणपतीच्या निदान महिनाभर आधी, आणि ‘ती’ हा शब्द न वापरता. ‘आई, यंदा पूजेला आम्ही नाही बसणार, बाकी सगळं करू.’ ‘तिला नको आहे’ म्हणाला की गेलं. झांजा वाजवून सुटका करून घ्यायची त्याची सवय मोडायची असेल तर हीच वेळ आहे. त्याला हे उत्तर वाचायला द्या हवं तर.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः सासूबाईंशी बोला. अशा भांडणांच्या तळाशी मला बहुतेक वेळा एकच भीती सापडते, आणि ती कोणी आपणहून बोलत नाही: मी गेल्यावर माझं कोण करणार? दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. देव न मानणारी सून म्हणजे आपल्या पानावर कावळा शिवेपर्यंत थांबणारं कोणी नाही, असा त्याचा अर्थ होतो. लालबागच्या त्या सुनेने तिसऱ्या बैठकीत सांगितलं, ‘तुमचं सगळं तुमच्या पद्धतीने होईल, मी स्वतः उभी राहून करून घेईन.’ सासू रडली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, ‘पिंडाला भात मऊ लागतो, तुझा मोकळा होतो.’

हे वचन एकतर्फी असू नये असं मात्र माझं ठाम मत आहे. एका निवृत्त मास्तरांनी देहदानाचा फॉर्म भरून ट्रंकेत ठेवला होता, चार वेळा सगळ्यांना सांगितलंही होतं. गेले त्या रात्री भावांनी ठरवलं आणि सकाळी साग्रसंगीत अंत्यविधी झाले. देहदानात शेवटी जवळच्या नातेवाइकांचा होकार लागतो, गेलेला माणूस उठून सही करत नाही. मुलगी कोपऱ्यात उभी होती, ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यावर गप्प बसली, आणि नंतर वर्षभर माझ्याकडे येत होती. सासूबाईंना त्यांचं वचन देताना तुमचं तुम्हीही मागून घ्या. लगेच नाही, पण मागा.

सासूबाई बदलतील का? देव मानण्याच्या बाबतीत नाही, आणि तुम्हीही बदलणार नाही. अबोला सुटेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. बराच जुना झालाय. पण गणपतीला अजून दोन महिने आहेत, तेव्हा एका गोष्टीची आत्ताच तयारी करून ठेवा. आरती संपेल, तबक फिरेल, तुमच्यापर्यंत येईल. या वेळी हात मागे घेऊ नका. ज्योतीवरून हात फिरवायची गरज नाही, डोळ्यांना लावायचीही नाही. सासूबाईंच्या हातातून तबक दोन्ही हातांनी घ्या आणि पुढच्या माणसासमोर धरा, मग त्याच्या पुढच्या. गॅलरीत खाला उभ्या असतील, त्यांच्या नातवंडांना प्रसादही तुम्हीच द्या. तबक कडेने धरा, निरांजनाखाली ते तापलेलं असतं.